कर्ण्यासमोरचा पाळणा

अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन दीड महिना झाला. त्यांचा आवाज आठवू लागलो की सगळ्यात आधी शुक्रवार पेठेतल्या देवळातली एक रामनवमी समोर येते.

अण्णा कीर्तनकार होते. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मोठ्यानं गायलात, तर आवाज कायमचा जाईल." माघापासून कीर्तनं बंद झाली. अण्णा खिडकीशी गप्प बसून राहत. रामजन्माचं कीर्तन मात्र वीस वर्षं त्यांचंच होतं. ते दुसऱ्याकडे जाणार, हे त्यांना घशापेक्षा जास्त दुखत होतं. तेव्हा देवळाच्या पंचांनी भाड्यानं माइक आणि लाउडस्पीकरचा कर्णा आणायचं ठरवलं. सभांमधून तो नुकताच दिसू लागला होता.

पूर्वरंग सुरू झाला आणि घोटाळा झाला. कीर्तनकार कधी एका जागी उभा राहत नाही. एक चरण बायकांच्या बाजूला जाऊन म्हणायचा, दुसरा पुरुषांच्या, ही अण्णांची जन्माची सवय. माइक मात्र मधोमध उभा. मंडपात अर्धा अभंग पोचे, अर्धा विरून जाई.

"बुवा, कुटं गेलात? हितं काय बी ऐकू येत न्हाय की!" मागून गिरणीतलं कुणीतरी ओरडलं.

अण्णांनी सवयीनं आवाज चढवला आणि खोकल्याची उबळ आली. मी साथीची झांज थांबवली. पेटीवाले काका पुढे वाकून म्हणाले, "अण्णा, दावं आणू का? बांधूनच टाकतो तुम्हाला त्या खुंट्याला."

अण्णा खोकता खोकता हसले. मग माइकसमोर येऊन, दोन्ही पाय जुळवून उभे राहिले, ते शेवटपर्यंत हलले नाहीत. जन्माची कथा त्यांनी जवळजवळ बोलल्यासारखी सांगितली.

बारा वाजले. गुलाल, फुलं उधळून झाली आणि रामाचा पाळणा गायची वेळ आली. एरवी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून अण्णा टिपेला जात. मानेच्या शिरा ताठ होत. त्या दिवशी मला शेजारून त्यांचे नुसते ओठ हललेले दिसले. आणि वरच्या कर्ण्यातून तो आवाज आला, जो आम्ही भावंडांनी तापाच्या दिवसांत, कपाळावर त्यांचा हात असताना ऐकला होता. मंडपात कुणी हलेना. तो आवाज सगळ्यांनी ऐकावा हे मला जरा आवडलं नाही; खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर आईनं हळदीचं दूध दिलं. मी विचारलं, "दुखतोय का घसा?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. पेला रिकामा करून म्हणाले, "वीस वर्षं मी त्या तान्ह्या बाळाला ओरडून निजवत होतो, नाही का रे?"

"निजलं असेल म्हणता?" आई म्हणाली.

अण्णा मोठ्यानं हसले. खोकला आला नाही.