सहावीच्या इतिहासासाठी आणलेली तलवार

मुलीच्या सहावीच्या इतिहासापायी मी एक अख्खी दुपार पोलीस चौकीत काढली आहे.

माझं वसमतला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीलाच संपला होता. तो पुन्हा जुळला सानिकाच्या शाळेतल्या पालकसभेत. सामाजिक शास्त्राला नव्या मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यंदा पाठांतर नको. नकाशा वाचायचा तर शाळेभोवती फिरून, ग्रामपंचायत शिकायची तर तिथं जाऊन. आणि पहिला विषय आहे इतिहासाची साधनं. प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची माहिती सांगायची."

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या शेजारचे कदम उठले आणि म्हणाले, "आमच्याकडं आजोबांचा पानाचा डबा आहे, चांदीची कडी असलेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते सहन झालं नाही.

"आमच्या घराण्यात तलवार आहे," मी म्हणालो. "निजामाच्या काळातली."

मॅडमनी चष्मा वर केला. सानिकानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. बायकोनंही पाहिलं, पण ते वेगळं.

घरी येताना रेखानं विचारलं, "आपल्याकडं कुठं हाय तलवार?"

"दिगांबर काकाकडं."

"तुमी पाहिली?"

"लहानपणी. लांबून."

"मंग काहून बोललात?"

सोमवारी सानिकानं वर्गात सांगून टाकलं. मंगळवारी कळलं की आमच्या पणजोबांनी त्या तलवारीनं वाघही मारला होता. (वाघ मी सांगितला नव्हता. तो वर्गात वाढला.) आता तलवार आणणं भाग होतं.

रविवारी सकाळी मी कनेरगाव नाक्याजवळ काकाच्या गावी पोचलो. काकानं माळ्यावरून ती काढली. म्यान होतं, मूठ होती, पण गंजून दोन्ही एकमेकांना अशी चिकटली होती की पातं काही बाहेर येईना.

"राहू दे, जोर लावू नको," काका घाईनं म्हणाला. "तुझ्या पणज्यानं निजामाच्या शिपायाच्या हातून हिसकून घेतलेली हाय ती."

चहा होईपर्यंत त्या शिपायाचा जमादार झाला आणि पोहे संपेस्तोवर सुभेदार. मी म्हणालो, "काका, ही फारच हलकी लागून राहिली."

"चांगलं पोलाद हलकंच असतंय," काका म्हणाला आणि पानदान शोधायला आत गेला.

तलवार गोधडीत गुंडाळून, सुतळीनं बांधून मी हिंगोलीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरनं विचारलं, "हे काय?"

"शाळेचं साहित्य."

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली, सुतळी सुटली आणि मूठ बाहेर आली. शेजारच्या म्हातारीनं मुठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पिशवी उचलून पुढं गेली. तिच्यामागं दुसरा उठला, मग तिसरा. तीन माणसांच्या बाकावर एकट्यानं बसून प्रवास करण्याचं सुख मला त्या दिवशी मिळालं. हिंगोलीला उतरलो तर कंडक्टर माझ्या आधी उतरला होता आणि एका हवालदाराच्या कानाशी बोलत होता.

चौकीत हवालदारानं गोधडी उलगडली. "ही कशासाठी?"

"सहावीसाठी," मी म्हणालो.

हवालदार खुर्चीत सरळ झाला. "आणि आधीच्या पाच जणी?"

मी वर्ग, इयत्ता, सामाजिक शास्त्र, भौतिक साधनं, जे आठवेल ते सांगत सुटलो. तो म्हणाला, "मॅडमला फोन लावा." मॅडमनी उचलला नाही. मग रेखाला लावला. हवालदारानं फोन स्पीकरवर टाकून विचारलं, "ताई, या माणसाला ओळखता?"

पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली आहेत. एवढा विचार करून ती कधी बोललेली मला आठवत नाही.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "ओळखते."

आता काकाला फोन. "शस्त्र घरात ठेवलं होतं, परवाना हाय का?" एवढं ऐकताच काकाचा सुभेदार, जमादार, शिपाई सगळे पळाले. "साहेब, ते पत्र्याचं हाय," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "गावच्या नाटकात मी सेनापती होतो. पोरगं इतक्या दुरून आलं, त्याचं मन काहून मोडावं म्हणून बोललो."

चौकीतल्या दोन शिपायांनी दोन बाजूंनी ओढली तेव्हा तलवार म्यानातून निघाली. चंदेरी रंगाचे पापुद्रे टेबलावर पडले. हवालदारानं पातं गुडघ्यावर दाबलं, ते पापडासारखं वाकलं. आपल्या पूर्वजांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही, याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी हवालदाराचे हात धरले. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "एवढी तकलीफ घेण्यापेक्षा जुना अडकित्ता न्यायचा ना."

खरी धाकधूक घरी होती. सानिकाला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले. मग नाक पुसून म्हणाली, "पप्पा, मी खरं तेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं वाकडी तलवार टेबलावर ठेवली आणि काका, बस, चौकी, सगळं सांगितलं. सुभेदाराची बढती आली तेव्हा पोरं बाकं वाजवू लागली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "साधन मिळालं की आधी तपासायचं, हाच आजचा धडा," त्या म्हणाल्या. सानिका घरी आली ती नाचतच. माझा जीव भांड्यात पडला.

पुढं घटक चाचणीत प्रश्न आला: विश्वास ठेवण्यापूर्वी तपासावे लागते अशा मौखिक साधनाचे एक उदाहरण द्या. निम्म्या वर्गानं लिहिलं, "सानिकाचे पप्पा." मॅडमनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.