पूजेला उभी केलेली सायकल

पुंडलिक गेल्याचं मला त्याच्या घरूनच कळलं. ऐन पावसाळ्यात काविळीनं धरलं, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, आणि शेवटी शेवटी तो कुणाला ओळखतही नव्हता. त्यामुळे त्या बातमीसाठी मन थोडंफार तयार होतं. ज्यासाठी ते तयार नव्हतं ते पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आलं. चौकटीत विशीतला पुंडलिक, अंगात पिवळी जर्सी, मान किंचित वाकडी, आणि खाली ओळ : ‘आमच्या संघाचे निष्ठावंत सायकलपटू’. त्याखाली महाल भागातल्या एका सायकल दुकानाचं आणि त्याच्या संघाचं नाव. मी पुस्तकांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस आहे, मोठ्यानं भांडणं मला जमत नाही. पण निष्ठावंत हा शब्द खोडल्याशिवाय मला माझ्या मित्राविषयी दुसरं काही लिहिता येणार नाही.

आम्ही गोळीबार चौकाजवळच्या एकाच गल्लीत वाढलो. त्याच्या घरी हातमाग होता. वडील मागावर बसत आणि तयार लुगड्यांचा गठ्ठा सायकलला बांधून व्यापाऱ्याकडे पोचवणं हे पुंडलिकचं काम. त्या जड, बोजड सायकलवर तो इतका सुसाट जाई की महालातल्या दुकानाचे मालक दादासाहेब एकदा गादीवरून उठून रस्त्यात आले. त्यांचा सायकलपटूंचा संघ होता, विदर्भातल्या सगळ्या शर्यतींत उतरणारा. त्यांनी पुंडलिकशी दोन वर्षांचा करार केला. शर्यतीची सायकल संघाची, दूध-अंडी संघाची, वर महिन्याचा पगार. त्याच्या वडिलांना ते पटेना. मला दारात अडवून म्हणाले, “तू शिकेल पोट्टा आहेस, खरं सांग गा. सायकल चालवाचा पगार भेटते का कुठं? का माह्या पोराले बनवून राहिले?”

बनवत होतेच, पण ते आम्हाला उशिरा उमगलं. शर्यतीत जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येणाऱ्याचा निम्मा दम वाचतो. पुंडलिकचं काम पुढे राहायचं. मागे दादासाहेबांचा भाचा. रामटेकचा डोंगर दिसू लागला, शेवटचा मैल राहिला, की पुंडलिकनं बाजूला व्हायचं आणि भाचेबुवांनी ताज्या पायांनी पुढे निघून हार घालून घ्यायचा. असं दर शर्यतीत. गल्लीतली पोरं त्याला डिवचायची, “पुंड्या, तू कधी पयला येशीन बे?” तो म्हणे, “मालकाच्या भाच्याले सर्दी होईन त्या दिवशी.” हसायचा. पण एकदा माझ्या खोलीत बसला असताना एकाएकी म्हणाला, “एक शर्यत पाहिजे मले. एकच. मांगं कोणी नाई, समोर कोणी नाई…”

मग हिंगण्याच्या एका कारखान्यानं नवा संघ काढायचं ठरवलं. त्यांच्या व्यवस्थापकानं पुंडलिकला बोलावून सांगितलं, कायम नोकरी देतो, आणि शर्यतीत जितकं बळ असेल तितकं लाव, कुणासाठी थांबायचं नाही. दादासाहेबांचा करार त्या दसऱ्याला संपत होता. तो कागद आम्ही दोघांनी मिळून वाचला. मुदत दसऱ्यापर्यंत, पुढील नूतनीकरण संघाच्या प्रथेप्रमाणे, असं त्यात होतं. तोवर कुणी संघ सोडलाच नव्हता, त्यामुळे ही प्रथा काय, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

प्रथा अशी होती की दसऱ्याला सकाळी संघाच्या सगळ्या सायकली दुकानासमोर ओळीनं उभ्या राहत. दादासाहेब स्वतः हँडलला कुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि ज्याची सायकल त्याच्या हातात नारळ देत. पुंडलिकला सायकल परत करायचीच होती. आदल्या संध्याकाळी तो ती अंगणात पुसत बसला होता. मी म्हटलं, आजच नेऊन दे आणि मोकळा हो. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी अभद्र बोललो होतो. “बिनपूजेची देऊ? दोन वर्ष इनं खाऊ घातलं मले.” वडील आतून म्हणाले, “कारागीर दुसऱ्याचा माग सोडते, तं दसऱ्याले त्या मागाले फूल वाहून सोडते. तसं निंगून येनं म्हन्जे चोरावानी.” विणकराच्या घरात पूजा हाच निरोप होता. दुसऱ्या दिवशी पुंडलिकनं सायकल ओळीत उभी केली, कुंकू लावू दिलं, नारळ घेतला, दादासाहेबांच्या पाया पडला आणि म्हणाला, “दादा, आता रजा द्या. सायकल तुमची तुमाले पोचली.”

दादासाहेब हसले. चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “रजा कसली? पूजेला उभी केलीस ना? मग झालास पुढच्या दोन वर्षांचा. जा, घरी जाऊन शिरा खा.”

पुंडलिकनं करार मोडला, अशी तक्रार शर्यती भरवणाऱ्या जिल्हा संघटनेकडे गेली. कचेरीत तिघे जण बसले होते आणि तिघेही दादासाहेबांकडच्या पंगतीला नेहमी दिसणारे. मी पुंडलिकबरोबर गेलो होतो, पण मला बोलू दिलं नाही. अध्यक्षांनी त्याला विचारलं, “सायकल ओळीत कुणी उभी केली?”

“मीच.”

“नारळ घेतला?”

“घेतला.”

“त्याचं काय केलं?”

“मायनं चटणी केली.”

तिघे खो खो हसले. “चटणी खाऊन करार मोडतोस काय रे?” पुंडलिक सांगायला लागला की आमच्यात माग सोडताना पूजा करतात, ती राहण्याची नव्हे, जाण्याची पूजा असते. अध्यक्ष म्हणाले, “इथं सायकलचं चाललंय, लुगड्यांचं नाही.” भाचेबुवा खिडकीशी उभे होते, ते पान चघळत म्हणाले, “एवढा त्रास कशाला? तुझी जागा माझ्या पुढेच आहे, पुंडलिक. सगळ्यात पुढे!” निकाल तिथल्या तिथे लागला. दोन वर्षं दादासाहेबांच्या संघातून शर्यती करायच्या, नाही तर कुठल्याच संघातून नाही. पुंडलिक उठला. “मंग नाई चालवत,” म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला.

तो खरोखरच उतरला नाही शर्यतीत. दादासाहेबांनी आधी निरोप पाठवले, मग धमक्या, मग पुन्हा निरोप. त्यांना त्याचे पाय हवे होते. पुढच्या रामटेकच्या शर्यतीला तो आणि मी कन्हानच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. वारा समोरून होता. भाचेबुवा घोळक्यात बाराव्या-तेराव्या जागी, तोंड उघडं टाकून येताना दिसले. पुंडलिकनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पूल दणाणेल असा ओरडला, “फोडा ना वारा, भाचेबुवा! का फोडनारा घरून मागवू?” लोक हसले. तोही हसला. परतायला निघालो तोवर वारा फिरला होता. कामठी येईपर्यंत तो समोरचा वारा अंगावर घेत, ठरलेल्या वेगानं, सायकल मारत राहिला आणि मी सवयीनं त्याच्या मागे.

दोन वर्षं संपली तोवर कारखान्याचा संघ मोडला होता. त्यांनी त्याला घेतलं ते साधा कामगार म्हणून. तो पाळी करी, कंपनीच्या बसमध्ये न बसता सायकलनं हिंगण्याला जाई. लग्न झालं, मुली झाल्या. ती एक शर्यत झालीच नाही. दादासाहेब वारले तेव्हा मी त्याला विचारलं, मातीला जायचं का? म्हणाला, “तू जा. मी गेलो तं लोक म्हनतीन, आला परत संघात.” काहींना हा आकस वाटेल. मला तो वाटत नाही, आणि वाटला तरी मी त्याच्या बाजूनं आहे. ज्यांनी त्याच्या पायांची ऐन उमेद खाल्ली त्यांना मेल्यावर माफ करायचं असतं, असं मी पुष्कळ वाचलं आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी कन्हानच्या पुलावर उभं नव्हतं.

ते निवेदन छापून आल्यावर चार दिवसांनी भाचेबुवा स्वतः पुंडलिकच्या घरी आले. दुकान आता त्यांचं आहे. मी तिथेच बसलो होतो. दुकानात जुन्या खेळाडूंचे फोटो लावायचे आहेत, पुंडलिकचा एखादा मोठा फोटो असला तर द्या, असं ते वहिनींना म्हणाले. वहिनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “त्याइले एकडाव तुमच्या दुकानापुढं उभं केलं, तं दोन वर्ष सोडलं नाई तुमी. आता भिंतीवर टांगाले पाहता? कायले देऊ?” भाचेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पाणी न पिता ते गेले.

त्या घरात पुंडलिकची एक रीत होती. माझ्याखेरीज बाहेर कुणाला ती ठाऊक नव्हती. तो स्वतःच्या सायकलची दसऱ्याला पूजा करी, पण दार लावून. कुंकू, फूल, ऊदबत्ती, सगळं आत. मी सोनं द्यायला गेलो तरी ओट्यावर थांबायचं. मग तो ओल्या फडक्यानं हँडल स्वच्छ पुसून घेई, फूल देवापाशी ठेवी, आणि तेव्हाच कडी काढी. सायकल अशी कोरी उभी, जसं काही तिला कुणी कधी हात जोडलेच नव्हते. मी थट्टा केली की म्हणे, “कोनी पाह्यलं तं त्याची होते बाप्पा.”

यंदा त्या घरात सण नव्हता. आपट्याची पानं मी नेली नाहीत, नुसता जाऊन यावं म्हणून निघालो. भर सकाळी दार लावलेलं होतं. फटीतून ऊदबत्तीचा वास येत होता. मी हाक मारली. आत कसली तरी हालचाल झाली, बादलीत फडकं बुडवल्याचा आवाज आला, आणि वहिनी आतूनच म्हणाल्या,

“थांबा भाऊजी… हँडल पुसून राहिली.”