लॉरिंदोची रिकामी डबी

लॉरिंदो सिल्वेराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं प्रयोगशाळेत सगळे मानत. त्याचा संसार एका डबीचा. मुठीएवढी, पातळ पत्र्याची; तिच्यात गारठवून द्रव केलेला हायड्रोजन भरायचा. हायड्रोजन म्हणजे प्रोटॉनच प्रोटॉन. दोन मैल धावत आलेले इलेक्ट्रॉन त्यांच्यावर जाऊन आदळत आणि कोण किती वळून गेला ते पलीकडे मोजलं जाई. प्रोटॉन आतून लापशीसारखा मऊ असेल, तर जोरात वळणारे थोडेच. आत कठीण खडे असतील, तर बरेच. पण डबीचा पत्राही काही इलेक्ट्रॉन उडवतोच. म्हणून शेवटी डबी रिकामी करून पुन्हा मोजायचं आणि तेवढं वजा करायचं. डबी रिकामी झाल्याचं लॉरिंदो पलीकडे मोजणाऱ्यांना फोनवर सांगे, आणि ते कधी कुणी तपासत नसे.

त्या रविवारी गावात चर्चची, पवित्र आत्म्याच्या सणाची मिरवणूक होती आणि मुकुट घालून पुढं चालणारी यंदाची राणी होती त्याची धाकटी मुलगी, इडा. बायकोचा फोन आला.

"पोर मुकुट घालून उभी आहे, लॉरिंदो! येतोयस की त्या डबीशीच लग्न लावून देऊ तुझं?"

तापमानाचा काटा अजून खालीच होता. म्हणजे तळाशी हायड्रोजन शिल्लक होता. उडून जाईल तेवढ्यात, असं मनाशी म्हणत त्यानं फोनवर "रिकामी" सांगितलं आणि गाडी काढली. मिरवणुकीनंतर तो पोटभर जेवला, पावावर ओतलेला सणाचा मटणरस्सा ओरपत.

दोन दिवसांनी उपाहारगृहात हशा पिकला होता. नॉरिस हॉगन नावाचा नुकताच पदवी मिळवून आलेला मुलगा महिनाभर सांगत होता, की फार इलेक्ट्रॉन जोरात वळताहेत, प्रोटॉनच्या आत काहीतरी कठीण आहे. वजाबाकी केल्यावर त्याचे ते इलेक्ट्रॉन निम्म्यावर आले होते.

"काय रे नॉरिस, तुझे खडे कुठं गेले? निवडून टाकलेस होय?"

लॉरिंदोला लगेच कळलं. पत्र्याचे म्हणून वजा झाले ते तळाशी उरलेल्या प्रोटॉनवरून वळलेले इलेक्ट्रॉन होते. आता उठून सांगावं, असं वाटलं. पण तो उठला तो थाळी ठेवून बाहेर जायला. नोकरीची भीती नव्हती. आपला शब्द खोटा पडला हे चारचौघांत कळेल, याची होती. या विचाराचीही त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नॉरिसच कर्मशाळेत आला.

"माफी मागायला आलोय, लॉरिंदो. मला संशय आला होता, तुमची डबी रिकामी झालीच नव्हती. मोठ्या साहेबांपाशी बोलूनही बसलो मी. ते म्हणाले, सिल्वेरा रिकामी म्हणाला म्हणजे रिकामी. खरंय ते. माझंच गणित चुकलं असणार. उद्या बैठकीत म्हणणं मागे घेतो."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं लॉरिंदोला झालं. मुलानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"नको घेऊस मागे," तो म्हणाला. "डबी रिकामी नव्हती. काटा खाली होता. मी तो पाहिला, आणि तरी रिकामी म्हणालो. इडाची मिरवणूक होती."

नॉरिस बाकावर टेकला. मग म्हणाला, "कशी दिसत होती राणी?"



बैठकीत त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. पुन्हा मोजायचं ठरलं. या वेळी काटा पूर्ण वर चढेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग फोन उचलून म्हणाला, "रिकामी."

एरवी पलीकडून लगेच फोन ठेवला जाई. आज नॉरिसनं अगदी हळू, अदबीनं विचारलं, "काटा कुठं आहे, लॉरिंदो?"

त्यानं सांगितलं. कानशिलं तापली होती.

खडे परत आले, पहिल्याइतकेच. नॉरिसला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं, केक कापला, लॉरिंदोलाही तुकडा आणून दिला. कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तो निवृत्त होईपर्यंत, डबी रिकामी झाली की प्रत्येक वेळी, कुणी ना कुणी काटा विचारत राहिलं.