उजवी नाकपुडी

मिस्त्री म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. पण ते नाकच कित्येक वर्षं बंद होतं.

सुरुवात एका साध्या सर्दीने झाली. कुणीतरी थेंबांची बाटली हातावर ठेवली, मिस्त्रींनी दोन थेंब आत सोडले आणि बघता बघता नाक मोकळं झालं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी ती बाटली आली ती कायमचीच. आधी सकाळ-संध्याकाळ, मग दुपारीही, मग आठवेल तेव्हा. एक कारखान्यात रंध्याजवळ, एक उशाशी, एक लेकीच्या घरी. बायको कुरकुरली की ते म्हणायचे, "अगं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. त्यात काय असणार? नुसतं पाणी!"

वास कधी गेला हे त्यांना कळलंच नाही. एकदा कारखान्यात लाकूड चिकटवायचा सरस शेगडीवर करपला, धूर गल्लीत गेला, शेजारी धावत आले. आणि मिस्त्री तिथेच पाठमोरे उभे राहून निवांत रंधा मारत होते. "वय झालं आता," म्हणाले आणि विषय संपवला.

एक दिवस नेहमीचं औषधाचं दुकान बंद निघालं, म्हणून ते पुढच्या चौकातल्या दुकानात गेले. काउंटरमागे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

"ह्या नाकातल्या थेंबांच्या दोन बाटल्या द्या."

"दोन? कुणाकुणाला सर्दी झालीय?"

"मला एकट्यालाच."

"कधीपासून?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "लेकीचं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून. आता नातू शाळेत जातो."

बाईंनी बाटल्या काउंटरवर ठेवल्या, पण हात त्यांच्यावरच राहू दिला. "काका, हे थोडेच दिवस घालायचं असतं. जास्त दिवस घातलं की उलटं होतं. औषधाचा जोर उतरला की नाक आतून सुजतं, म्हणून तुम्ही पुन्हा घालता आणि ते पुन्हा सुजतं. तुमची सर्दी केव्हाच गेली असेल. बहुतेक आता ह्या थेंबांनीच नाक बंद होतंय."

"म्हणजे माझं नाक मीच बंद करतोय?" मिस्त्रींचा आवाज चढला.

"थेंब करतायत. तुम्ही फक्त घालताय," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकदा नाकाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

मिस्त्री तणतणत घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि तेच सांगितलं. वर म्हणाले, "दोन्हीकडचे थेंब एकदम सुटत नसतील तर आधी उजवीकडचे बंद करा. तोवर डावीवर निभेल. मिठाच्या पाण्याने नाक धूत राहा."

मग मात्र खरोखर नाकी नऊ आले. उजवी नाकपुडी लाकडाच्या भेगेत लांबी भरावी तशी गच्च. घास गिळताना जीव घुसमटायचा. बाटली बायकोच्या ताब्यात होती. "मागा हवी तेव्हा," ती म्हणायची, "पण डावीतच घालीन, आणि माझ्या हाताने!"

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी मिस्त्री देवदाराची फळी रंधत होते आणि मध्येच थांबले. काहीतरी आलं होतं. थंड, किंचित गोडसर, राळेचं. आधी वाटलं, भास असेल. त्यांनी बोटाने डावी नाकपुडी दाबली, तर ते अधिकच आलं. उजवी दाबली, सगळं गप्प. पुन्हा सोडली, पुन्हा आलं.

त्यांनी सागाचा तुकडा नाकाशी धरला, तेलकट वास, चामड्यासारखा. मग शिसव, मग बाभूळ. ज्यांच्या संगतीत जन्म गेला, त्यांच्यातला प्रत्येक जण आज जणू आपलं नाव सांगत होता. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते भुशात गुडघे टेकून बसले होते.

"काय हरवलं?"

"इकडे ये. ह्याचा वास घे."

तिने वाकून घेतला. "लाकडाचा वास आहे."

"तुला रोज येतो?"

"रोज. तुमच्या शर्टालाही येतो."

"कधी बोलली नाहीस!"

"त्यात काय बोलायचं?" ती म्हणाली. मग त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि तीही भुशातच टेकली. चहा निवला.

पुढे डावीही सुटली. मिस्त्री मागच्या गटारापाशी उभे राहून मन लावून हुंगायचे. शेजारी हसायचे, पण ह्यांना त्या दुर्गंधीचंही अप्रूप.

मग एका गिऱ्हाइकाने पाडलेल्या घराचा दरवाजा आणून टाकला. त्याचं टेबल करून हवं होतं. लाकूड उन्हापावसाने राखाडी पडलेलं, मेल्यासारखं. मिस्त्रींनी रंध्याचा पहिला हात मारला तशी करडी साल निघाली. दुसऱ्या हाताला आतून तांबूस रंग वर आला आणि त्यासोबत वास. ताजा, दाट, आत्ताच झाड कापल्यासारखा. ते झाड पडलं तेव्हा मिस्त्रींचा जन्मही झाला नसेल.

त्यांनी रंधा खाली ठेवला आणि फळीवर तळहात टेकला. "इतकी वर्षं आतच होतास?" ते पुटपुटले.

मग उठले, वास उडून जाऊ नये म्हणून पंखा बंद केला आणि घाम पुसत, अगदी सावकाश, पुढचा हात मारला.