दोन्ही हात गुंतलेलं पोर

चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर एका पुढाऱ्याचा अंत्यविधी दाखवत होते. त्याचं शाळकरी पोर खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरत होतं. दोन्ही हात मडक्याला. ते खाली ठेवता येत नाही, मागं वळून बघता येत नाही. आणि कॅमेरेवाले त्याच्या तोंडापुढं उलटे चालत होते.

माझी बायको गेली तेव्हा माझ्याही खांद्यावर तसंच मडकं होतं. नाकातलं पाणी ओठावर आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्यासारख्या अडाण्याचीही त्यांनी लाज राखली. मग या पोराची का नाही? राजकारण बापानं केलं, रडणं पोराचं आहे.

"बंद कर रे ते," मी दुकानदाराला म्हणालो.

"आजोबा, गिऱ्हाईकं बघतायत. आन् मघापासून तुम्हीच तर डोळे लावून बसलाय."

खरंच होतं ते. मी खुर्ची भिंतीकडं फिरवली. मागून टीव्हीतली बाई सांगत होती, बघा, आता मुलाच्या डोळ्यांत पाणी आलंय.