कुठे ऐकता?

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की हा माणूस जरा शांतपणे सांगू शकला असता. ताईबद्दल मला शांतपणे सांगता येत नाही.

ताई म्हणजे आमच्या बँडच्या गायकाची थोरली बहीण. बँडमध्ये आम्ही तिघं. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, गातो आणि गिटार वाजवतो. मौनी बेस वाजवतो आणि वर्षातून चारदा बोलतो. मी ड्रम्स बडवतो. ताई काहीच वाजवत नाही. ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेमच्या मापाच्या करते. मशीनवर सतत पाणी पडत असतं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. गिऱ्हाईक बाहेर आरशात बघून खूश होतं आणि काउंटरवरच्या माणसाचे आभार मानून निघून जातं. मागच्या खोलीत कुणी डोकावत नाही. आम्हीही तिच्याशी तसंच वागलो, म्हणून सांगतोय.

पहिला अल्बम आम्ही इंटरनेटवर विकायला ठेवला, तेव्हा तो चार मित्रांनी आणि मौनीच्या आत्याने घेतला. धाकटा म्हणाला, लोकांना गाणं कळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. ताई म्हणाली, थांबा, मी बघते. तिने काय केलं, तर स्वतःच्या खिशातून तो अल्बम विकत घेतला. घेणाऱ्याचं काय होतं ते तिला बघायचं होतं. गाणी उतरवून घेतली तर फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’. तिने आम्हा तिघांना समोर बसवून झापलं. मग नावं सुधारली, प्रत्येक गाण्याखाली शब्द टाकले, आणि तेव्हापासून आमचं ते इंटरनेटवरचं पान तिचं झालं.

तिची एक पद्धत होती. कुणीही गाणं विकत घेतलं की ती त्या माणसाला स्वतः चार ओळी लिहायची. आभार, आणि शेवटी एकच प्रश्न: तुम्ही कुठे ऐकता? बहुतेक जण उत्तर द्यायचे. ते उत्तर ती कार्डावर उतरवून घ्यायची. दुकानात चष्म्याच्या नंबरची जुनी कार्डं गठ्ठ्याने पडून होती, त्यांच्यावर बंद झालेला फोन नंबर छापलेला. मालककाकांनी ती तिला देऊन टाकली. पुढच्या बाजूला डावा डोळा, उजवा डोळा असे रिकामे रकाने, मागे आमचा श्रोता. पहिलं कार्ड तिचं स्वतःचं: ‘दुकानात, काचा घासताना.’

एक बाई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालताना ऐकायच्या. ताईने त्यांच्याकडून त्या घड्या घालणाऱ्या हातांचा छोटासा व्हिडिओ मागवला आणि आमच्या गाण्यावर बसवून टाकला. त्यानंतर त्या धुलाईघरातल्या आणखी सहा जणींनी अल्बम घेतला. एक गृहस्थ मुलीला पोहायला सोडून गाडीत बसून राहायचे. नवं संथ गाणं आलं की ताई त्यांना बरोबर त्या वेळेला कळवायची. एकाने लिहिलं होतं, बायकोशी भांडलो की गच्चीत. त्यावर ती त्यांना काहीच बोलली नाही, गाणी मात्र वेळेवर पाठवली. दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, ती हे करत बसायची. चार वर्षांत सहाशे बारा कार्डं झाली. धाकट्याने त्यातलं एकही कधी वाचलं नाही. मी तरी कुठे वाचलं?

दुसरा अल्बम शुक्रवारी यायचा होता. त्याआधी महिनाभर धाकट्याचं डोकं फिरलेलं होतं, कारण कुणीतरी त्याला हसलं होतं. सहाशे म्हणजे काय, एवढे लोक तर लग्नाला येतात, असं काहीतरी. त्याला एक प्रमोशनवाला भेटला. आठवड्यात गाणं चाळीस हजार वेळा वाजेल, आकडा बघून लोक आपोआप येतील, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. धाकट्याने त्याला काम दिलं. ताईला सांगितलं नाही.

अल्बम आला आणि आकडा वाढायला लागला, तेव्हा ताई हरखून गेली. मालककाकांना दाखवलं, रिकाम्या कार्डांचा नवा गठ्ठा मागून आणला. आणि मग ती पत्रांची वाट बघत बसली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शेवटी तिने धाकट्याला विचारलं, “चाळीस हजार जणांनी ऐकलं आणि एकालाही काही बोलावंसं वाटलं नाही?”

लोक लाजतात, असं तो म्हणाला. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर.

पाचव्या दिवशी आमचं पान बंद झालं. गाणी विकायचं आणि ऐकवायचं ते आमचं एकच ठिकाण होतं. ते चालवणाऱ्या कंपनीची दोन ओळींची सूचना आली: ऐकणारे खरे नाहीत, मशीनने वाजवलेलं आहे, खातं कायमचं रद्द. नवा अल्बम गेला आणि जुनाही गेला. ज्यांनी विकत घेतला होता त्यांच्यासमोरही रिकामी पाटी. तेलही गेलं, तूपही गेलं. आता मात्र पत्रं यायला लागली. पहिलं धुलाईघरातल्या बाईंचं होतं, माझी गाणी कुठे गेली म्हणून.

आमची तालमीची खोली टायरच्या गोदामामागे आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ताई तिथे दुकानातून थेट आली, एप्रनसकट. धाकट्याने सगळं कबूल केलं आणि वर अक्कल शिकवली, की लोकांना कळव, तांत्रिक अडचण आहे.

“तांत्रिक अडचण तू आहेस,” ताई म्हणाली. मग आमच्याकडे वळून तिने विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं?

मी, ज्याच्या नाकावर राग असतो, जो रस्त्यात अनोळखी माणसाशी भांडतो, तो मूग गिळून बसलो. मौनीने त्या वर्षातलं एक बोलणं खर्च केलं. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “याला. मी नको म्हटलं होतं.”

खरं होतं ते. धाकट्याने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं होतं. मलाही तो आकडा हवा होता. ताईने माझ्याकडे जे बघितलं, त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी तिने स्वतःचं कार्ड सोडून बाकी सहाशे अकरा जणांना खरं काय ते लिहिलं. आम्ही खोटे ऐकणारे विकत आणले, म्हणून तुमची गाणी गेली. खाली आमच्या दोघांची नावं, आणि सोबत सगळी गाणी, जी तिच्याकडे नीट नावं देऊन ठेवलेली होती. धाकटा थयथयाट करत होता, की माझी अब्रू वेशीवर टांगलीस. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याच्यानंतर स्वतःचा.

पुढच्या मंगळवारी ती कार्डांचा डबा घेऊन तालमीला आली. आम्हाला खाली बसायला सांगितलं. एकाहत्तर जणांनी कळवलं होतं, तुमच्या यादीतून आमचं नाव काढा. ती कार्डं तिने वेगळी बांधून आणली होती, आणि ती एकेक वाचायला लागली. नाव, आणि कुठे ऐकायचे ते. शेवटच्या बसमध्ये, मागच्या सीटवर. शिवणयंत्रावर. वडिलांना औषध दिल्यावर. गाडीत, मुलगी पोहून येईपर्यंत. धाकटा मध्येच म्हणाला, कळलं, पुरे. ताई थांबली नाही. धुलाईघराची सात कार्डं तिने सलग वाचली. धाकट्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

एकाहत्तर झाली. तिच्या हातात आणखी एक कार्ड होतं. बाकीच्यांपेक्षा जुनं, कडा पाण्याने फुगलेल्या.

“दुकानात, काचा घासताना,” तिने वाचलं, ते गठ्ठ्यावर ठेवलं, आणि डबा तिथेच सोडून निघून गेली.

घरी ती धाकट्याशी बोलते. जेवलास का विचारते, गाण्याबद्दल विचारत नाही. डबा आता माझ्याकडे आहे, त्यात पाचशे चाळीस कार्डं. दर मंगळवारी मी बसतो आणि लिहितो, वाईट अक्षरात, चुका करत. सहा महिन्यांनी आम्ही दुसरीकडे नवं पान उघडलं आणि नवा अल्बम आला. पहिली प्रत मी ताईला पाठवली. खाली तिचाच प्रश्न लिहिला: तुम्ही कुठे ऐकता?

दोन शब्दांचं उत्तर आलं. ऐकत नाही.

मी ते कार्डावर उतरवून घेतलं आणि डब्यात सगळ्यात पुढे लावलं.