रेड्याची मात्रा

आमच्या डिझाइनच्या वर्गात शिरोळचा एक जण होता. भेटेल त्याला तो 'पावणं' म्हणायचा. कॅन्टीनवाल्याला, शिपायाला, आणि सगळ्यात प्रेमानं कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर अडकला की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "पावणं, उठा की आता!"

मोशन ग्राफिक्सच्या, म्हणजे हलत्या चित्रांच्या, पहिल्या प्रोजेक्टला आम्ही सगळ्यांनी चकचकीत गाड्या नाचवल्या. यानं घरचा रेडा घेतला. पांढऱ्या पडद्यावर आधी काळ्या अक्षरांत 'रडा' यायचं. मग रेडा धावत येऊन मान झटकायचा, त्याचं एक शिंग उडून 'र'वर मात्रा म्हणून बसायचं आणि 'रेडा' व्हायचा.

"अरे, शिंग येईपर्यंत लोक 'रडा' वाचणार," मी म्हणालो.

"वाचू दे की मर्दा. रेडा काय पळून जातोय व्हय?"

मार्कांच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. दिवे मालवले. भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडात 'रडा' उमटलं आणि कॉम्प्युटर नेमका तिथंच अडकला. पाठीवर दोन थापा बसल्या तरी पावणं उठेनात. आमचे सर तर छताकडंच बघत बसले.

तो प्रोजेक्टरपुढं गेला आणि उजेडात एक बोट तिरकं धरलं. त्याची सावली बरोबर 'र'च्या डोक्यावर पडली. रेडा झाला! वर्गानं बाकं बडवली.

परीक्षक मात्र हसले नाहीत. "यात मोशन कुठंय?"

त्यानं बोट हलवलं. भिंतीवरचं शिंग हललं.

"हललं की न्हाय, पावणं?"